शनिवारी घाट, रविवारी वारा

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की महाराष्ट्रातल्या कितीतरी सायकली भिंतीला लागतात. आपल्याकडे सायकलिंगचा खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मोठ्या शर्यती, पुण्याहून गोव्यापर्यंतची सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर, ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईडची, म्हणजे ब्रेव्हेची गर्दी, सगळं त्या थंडीच्या दिवसांत. जून ते सप्टेंबर स्पर्धा फारशा नसतात, कपडे वाळत नाहीत, चेनला गंज धरतो, म्हणून सायकल बाजूला पडते. मग दसऱ्याच्या सुमारास सगळ्यांना एकदम जाग येते, सहा आठवड्यांत सहाशे किलोमीटरची तयारी करायची घाई होते आणि दिवाळीत गुडघ्याला बर्फ लावत बसायची वेळ येते.

हा लेख पावसाळ्याच्या चार महिन्यांतल्या एकाच गोष्टीबद्दल आहे: महिन्यातून एक शनिवार-रविवार निवडून सलग दोन दिवस कस लागेल अशा राईड कशा कराव्यात. उदाहरणासाठी पुण्याचे रस्ते घेतले आहेत, कारण एकाच शहरातून पश्चिमेला घाट आणि पूर्वेला कोरडं पठार अशी सोय दुसरीकडे सहसा मिळत नाही.

दोन दिवस सलग कशासाठी? ब्रेव्हे करणाऱ्यांना याचं उत्तर वेळेच्या गणितातच सापडेल. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. म्हणजे सहाशेसाठी शनिवारी सकाळी सहाला निघालेल्या माणसाला रविवारी रात्री दहाच्या आत पोहोचायचं असतं. आणि माणसं माघार घेतात ती बहुतेक वेळा शनिवारी घाटात घेत नाहीत. रविवारी पहाटे, दोन-तीन तासांच्या झोपेनंतर पुन्हा सीटवर बसायची वेळ येते तेव्हा घेतात. मांड्या दगड झालेल्या असतात, पोट काही घ्यायला तयार नसतं, तळहात सुजलेले असतात. थकलेल्या पायांनी सायकल चालवणं हे वेगळंच कसब आहे. ते ताज्या पायांनी केलेल्या शंभर राईडमधून येत नाही, थकलेल्या पायांनीच शिकावं लागतं. म्हणून या दोन दिवसांतला महत्त्वाचा दिवस रविवार आहे. शनिवारचं काम एवढंच की रविवारी तुम्हाला मोजून मापून थकलेलं उभं करायचं.

शरीरात काय घडतं तेही पाहू. स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं. जोरात चालवलं तर दीड-दोन तासांत ते बरंचसं संपतं आणि पूर्ण भरून यायला चांगलं खाऊनही चोवीस तासांच्या आसपास लागतात. शनिवारी घाट चढलात की रविवारी टाकी अर्धवट भरलेली असते. अशा वेळी सावकाश चालवलं तर शरीराला चरबीवर जास्त अवलंबून राहावं लागतं. एरवी मदतीला न येणारे स्नायूतंतूही, नेहमीचे थकल्यामुळे, कामाला लागतात. लांब पल्ल्याला लागणारी ताकद इथे तयार होते. पण हे सगळं सावकाश चालवलं तरच. रविवारीही शनिवारसारखाच जोर लावला तर पदरात फक्त थकवा पडतो.

ज्याला एका दमात शंभर किलोमीटर आरामात जमत नाहीत, त्याने या वाटेला अजून जाऊ नये. आधी दोन महिने आठवड्यातून तीन-चार वेळा नियमित चालवावं. चाळिशी ओलांडलेल्यांनी एकदा डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी, त्यात संकोच नको. आणि पावसाळा हा तापाचा काळ आहे. डेंग्यू किंवा साधा व्हायरल येऊन गेला असेल तर ताप उतरल्यावर किमान दोन आठवडे असा शनिवार-रविवार अजिबात घेऊ नये. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर शरीर काहीतरी सांगत असतं. त्या दिवशी घाट राहू द्या.

शनिवार: सिंहगड दोनदा

स्वारगेटपासून सिंहगडाचा पायथा सुमारे पंचवीस किलोमीटर. तिथून गाडीतळापर्यंत नऊएक किलोमीटरचा रस्ता आणि सहाशे मीटरच्या आसपास चढ. सरासरी सहा-साडेसहा टक्के ऐकायला सौम्य वाटते, पण चढ सगळीकडे सारखा नाही आणि काही वळणांवर तो दहा टक्क्यांच्या वर जातो. दोनदा चढून घरी परत आलात की ८५ किलोमीटर आणि बाराशे मीटरच्या वर चढ होतो. शनिवारसाठी हे भरपूर आहे.

घरून सव्वापाचला निघा. पावसाळ्यात शनिवारी-रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर आणि गडाच्या रस्त्यावर नऊनंतर गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात सायकल चालवणं धोक्याचं आहे आणि त्या धुरात दम लागेपर्यंत श्वास घेणं त्याहून वाईट. साडेनऊपर्यंत दुसऱ्यांदा खाली उतरलेले असाल असा हिशेब ठेवा. निघण्याआधी घाटरस्ता उघडा आहे का हे पाहायला विसरू नका. दरड कोसळली की तो बंद होतो आणि पावसाळी पर्यटनाच्या ठिकाणी प्रशासन बंदीचे आदेशही काढतं. रस्ता बंद असेल तर सासवडच्या वाटेवरचा बोपदेव घाट आहे. चढ लहान आहे, तीन-चार वेळा करा, काम भागतं.

पहिला चढ संपूर्ण बसून, सलग आणि एकसारखा चढायचा. वेग बघू नका, श्वास बघा. सोबतच्या माणसाशी चार-पाच शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गप्पा मारता येऊ नयेत, एवढा जोर बरोबर. हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा असेल तर उत्तम. मात्र कमाल ठोके काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र माणसागणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, म्हणून त्यावर आखलेल्या झोनवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. दुसऱ्या चढात खरी मेहनत आहे. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. त्या तुकड्यांत एक गिअर जड टाकून, मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्यांच्या संथ कॅडेन्सने, बसूनच चढायचं. दोन तुकड्यांच्या मध्ये पाच मिनिटं हलक्या गिअरवर पाय मोकळे करायचे. गुडघ्याच्या वाटीखाली टोचल्यासारखं दुखायला लागलं तर हा प्रकार तिथेच सोडा आणि हलक्या गिअरवर वर या. मांडी भरून येणं चालतं, सांधा दुखणं चालत नाही.

गिअरबद्दल एक आग्रहाचं सांगणं. पुढे ५०/३४ आणि मागे निदान ३२ दात्यांची कॅसेट नसेल तर आपल्या घाटांवर रस्त्याची सायकल नेऊच नये. मागे २५ दाती लावून चढण्यात शौर्य वाटतं. त्या शौर्याचं बिल गुडघे भरतात.

उतार हा स्वतंत्र विषय आहे. पावसात रिम ब्रेकची पकड पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत जवळपास नसतेच, कारण आधी रिमवरचं पाणी पुसलं जावं लागतं. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी, सायकल सरळ असताना, ब्रेक लावा आणि वळणात शिरताना सोडून द्या. डिस्क ब्रेक असेल तर पकड मिळते, पण चिखलाच्या पाण्यात त्याचे पॅड झपाट्याने झिजतात. नवे वाटणारे पॅड एका पावसाळ्यात बदलावे लागतात. सिंहगडाच्या रस्त्यावर झाडीखालच्या वळणांत कडेला हिरवट थर दिसतो, ते शेवाळ आहे. तिथून चाक गेलं की सावरायला वेळ मिळत नाही. रंगवलेले पांढरे पट्टे, पुलांच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या आणि साचलेलं पाणी यांचंही तेच. पाण्याखाली खड्डा आहे असंच धरून चाला. थंडी वाजायला लागली तर बोटं ब्रेकवर काम करत नाहीत, म्हणून वर पोहोचल्यावर, उतरण्याआधी, घडी करून मागच्या खिशात ठेवलेलं पातळ जॅकेट चढवा. थांबायचं असेल तर पिठलं-भाकरी खा. पण कांदाभजीच्या दोन प्लेट पोटात घेऊन दुसरा चढ होत नाही, हेही सांगून ठेवतो.

शनिवारची दुपार

बहुतेकांचा रविवार शनिवारी दुपारीच बिघडतो. घरी येतात, ओल्या कपड्यांत अर्धा तास मोबाईल बघतात, चहा-बिस्किट घेतात, भूक मेलेली असते म्हणून झोपतात आणि चारला उठून पोटभर जेवतात. त्यात चार तास फुकट गेले.

सायकल आत घेतली की ओले कपडे सगळ्यात आधी उतरवा. ओल्या पॅडच्या शॉर्ट्समध्ये बसून राहिल्याने जांघेत नायटा होतो, सीटवर टेकणाऱ्या जागी फोड येतात आणि फोड आला की पुढचे दोन आठवडे गेले. अंघोळ करून ती जागा कोरडी करा आणि रविवारी निघताना खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. शॉर्ट्सच्या दोन जोड्या लागतातच, शनिवारची रविवारी घालायची नाही.

मग खाणं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवायचं असेल तर पहिल्या चार तासांत दर तासाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जायला हवीत. ६५ किलोच्या माणसाला तासाला ६५ ग्रॅम. हे अवघड मुळीच नाही. परतल्यावर लगेच दोन केळी आणि साखर घातलेलं दूध, तासाभरात वरण-भात, लिंबू, वर दही, नंतर एखादा राजगिऱ्याचा लाडू किंवा गूळपोळी. वरणाला आणि दह्याला जोड म्हणून अंडी, पनीर किंवा मासे घेतले की प्रथिनांचंही भागतं. पाश्चात्त्य पावडरींच्या डब्यांवर माझा राग नाही, पण आमटी-भातात जे आहे ते त्या डब्यात महाग पडतं.

श्रावणात इथे एक अडचण येते. अनेक घरांत शनिवारचा उपवास असतो. उपवास करायचा तर करा, पण उपाशीपोटी घाट चढू नका. साबुदाणा, वरी, रताळं, बटाटा, केळी, खजूर, राजगिरा हे सगळं कर्बोदकांनी भरलेलं आहे. उपवासाच्या फराळावर सिंहगड दोनदा नीट होतो, फक्त साबुदाण्यात तूप आणि शेंगदाण्याचं कूट नेहमीपेक्षा कमी घाला म्हणजे राईडच्या आधी पोट जड होत नाही. निर्जळी उपवास असेल तर त्या शनिवारी राईड नको.

दुपारी झोप घ्या, पण चाळीस मिनिटांच्या वर नको, नाहीतर रात्री झोप येत नाही. संध्याकाळी सायकल हातात घ्या. पावसात चाललेल्या चेनवर राखाडी चिखलाचा लेप बसलेला असतो. त्यावर तसंच तेल सोडलं तर त्याची घासणारी पेस्ट होते आणि चेन, कॅसेट, चेनरिंग तिन्ही एकदम खाते. आधी पाण्याने सायकल धुवा, पण पाण्याचा जोर हबवर आणि बॉटम ब्रॅकेटवर मारू नका. मग जुन्या बनियनच्या फडक्यात चेन धरून पॅडल उलटं फिरवत राहा, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. कोरडी झाली की प्रत्येक कडीच्या रोलरवर ओल्या हवेसाठीच्या तेलाचा एकेक थेंब टाका, पाच मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून टाका. तेल आतल्या पिनांना लागतं, बाहेर राहिलेलं फक्त माती ओढतं. टायरवर बोट फिरवून काचेचे कण, तारेचे तुकडे काढा. पावसात पंक्चर जास्त होतात, कारण पाण्याने माती सैल होऊन हे सगळं रस्त्यावर येतं आणि ओलं रबर लवकर चिरतं. हवा उन्हाळ्यापेक्षा पाच-दहा पीएसआय कमी ठेवा, टायर २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात.

नऊला झोपा. झोपेइतकं काम दुसरं काही करत नाही.

रविवार: मोरगाव

मोसमी वारे सह्याद्रीवर आपला बहुतेक पाऊस ओतून पूर्वेला सरकतात. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास, आणि सासवड-जेजुरीकडे त्याहूनही कमी. म्हणून रविवारचा लांब पल्ला पूर्वेला घ्यायचा. स्वारगेटहून सासवड तीस किलोमीटर, पुढे जेजुरी सतरा-अठरा, तिथून मोरगाव तेवढंच. जाऊन-येऊन १३० किलोमीटर. मुळशी, ताम्हिणी, लोणावळा हे रस्ते जुलैत देखणे असतात, पण मुसळधार पाऊस, धुकं आणि पर्यटकांच्या गाड्या अशा तिहेरी संकटात थकलेल्या माणसाने जाऊ नये. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर तर सायकलला मुळात परवानगीच नाही.

पहिला अर्धा तास वाईट जाणार. मांड्या जड, मनात घरी परतायचे विचार, सासवडच्या वाटेतल्या दिवेघाटाचा चढ डोंगराएवढा दिसतो. हे अपेक्षित आहे, त्यावरून निर्णय घेऊ नका. पाऊण तास हलक्या गिअरवर, मिनिटाला ८५-९० फेऱ्यांनी पाय नुसते फिरवत राहा. बहुतेकांचे पाय सासवडपर्यंत सुटतात. पाऊण तासानंतरही एखादी जागा टोचून दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा छातीत भरून आल्यासारखं वाटत असेल तर परत फिरा, त्यात काही कमीपणा नाही.

रविवारचा जोर एकच: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. चढावरही. इथे ठोक्यांचा पट्टा फसवतो हे लक्षात ठेवा. थकलेल्या शरीरात ठोके नेहमीइतके वर जात नाहीत. शनिवारी ज्या कष्टाला १४५ दिसत होते त्याला रविवारी १३५ दिसतील. आकडा गाठण्यासाठी जोर वाढवला तर रविवारची राईड वाया गेली. आणि राईडच्या शेवटी, दमट हवेत, त्याच वेगाला ठोके चढत जातील. तेव्हा वेग कमी करा.

दिवेघाटाबद्दल दोन गोष्टी. ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच घाटातून सासवडला जाते. जून-जुलैत पालखीच्या दिवसांत हा रस्ता वारकऱ्यांचा असतो, वाहतूक वळवलेली असते. पंचांग बघूनच तारीख ठरवा. शिवाय रस्ता रुंदीकरणाची कामं चालू असतील तिथे ओल्या मातीचा राडा आणि डंपर दोन्ही भेटतात, अशा वेळी बोपदेव घाटाने सासवड गाठा. जेजुरीत रविवारी खंडोबाच्या दर्शनाची गर्दी असते, त्यामुळे गावात न शिरता बाहेरून निघून जा.

आणि वारा. सकाळी सासवड सोडलं की पश्चिमेचा वारा पाठीवर असतो. सायकल आपोआप तीसच्या वर पळते आणि वाटतं, आज पाय जोरात आहेत. ते पाय नसतात, मोसमी वारा असतो. मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन घेऊन सायकल पश्चिमेला वळवली की तोच वारा छातीवर येतो आणि सासवडपर्यंत सोडत नाही. झाडं तुरळक, रस्ता उघडा, वर हळूहळू चढत जाणारं पठार. तासाला सतरा-अठरा किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. या पस्तीस किलोमीटरांसाठीच हा सगळा शनिवार-रविवार मांडला आहे.

इथे वेगाशी भांडायचं नाही. हात हँडलच्या खालच्या वाकात घ्या, कोपर दुमडा, खांदे सैल सोडा. गिअर एक-दोन पायऱ्या हलका करा आणि श्वास सकाळी होता तसाच ठेवा. दोघं-तिघं असाल तर तीन-तीन मिनिटं आळीपाळीने पुढे राहा. पुढच्याच्या मागे हातभर अंतर ठेवलं तरी बराच वारा वाचतो. ओल्या रस्त्यावर त्याहून जवळ जाऊ नका आणि मागच्याला खड्डा ओरडून सांगा. पुढे जाताना वेग वाढवायचा नाही, आपल्यातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला झेपेल तेवढाच ठेवायचा. एकटे असाल तर नजर जवळच ठेवा: पुढचं वळण, पुढची टपरी, पुढचा किलोमीटरचा दगड. मनात हिशेब सुरू झाला की पाय अडखळतात.

हा पट्टा खाण्यावरच निभावतो. रविवारी पहिल्या तासापासून दर तासाला चाळीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं घ्या. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, चार-पाच साध्या खजुरांत तीस. चिक्की चालते, मीठ लावलेला उकडलेला बटाटा उत्तम, विशेषतः गोडाचा कंटाळा आल्यावर. भूक लागायची वाट पाहू नका, घड्याळात दर पंचवीस मिनिटांचा गजर लावा. भूक लागली म्हणजे उशीर झालेला असतो, आणि एकदा बाँक झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय थरथरले की पुढचा तास काहीही खाल्लं तरी गेलेलाच. पावसाळ्यात तहान लागत नाही म्हणून माणसं पाणी पीत नाहीत. प्रत्यक्षात दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्यासाठी आणखी घाम काढतं. तासाला निदान अर्धा लिटर प्या. एका बाटलीत ओआरएस किंवा घरचं मिश्रण: लिटरभर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चहाच्या चमच्याने. नुसतं पाणी लिटर-लिटर पीत राहणंही घातक आहे, रक्तातलं मीठ उतरतं. उघड्यावरचा उसाचा रस आणि चिरलेली फळं पावसाळ्यात टाळा.

मागे लाल दिवा, दिवसाही चालू. अंगावर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट. पावसात गाडीवाल्याला काचेतून सायकल दिसत नाही, हे गृहीत धरून चालवा. वीज कडाडायला लागली तर पठारावर थांबा घ्या, पण झाडाखाली नव्हे, पक्क्या छपराखाली.

बाकी गावांसाठी एवढंच सांगतो: चढ पश्चिमेला शोधा आणि लांब पल्ला पूर्वेला. नाशिककरांनी रविवारी सिन्नरची बाजू धरावी. सातारकरांना शनिवारी यवतेश्वरचा घाट आहे, वाईजवळ राहणाऱ्यांना पाचगणीला चढणारा बाराएक किलोमीटरचा पसरणी. कोल्हापूरकरांना पन्हाळा-जोतिबा आणि पूर्वेला जयसिंगपूरचं सपाट मैदान. कोकणात आणि गोव्यात पूर्वेला कोरडी बाजूच नाही, तिथे जुलै सोडून द्यावा आणि सप्टेंबर धरावा. विदर्भात खरी अडचण पावसाळ्याची नाही, मे महिन्याची आहे. तिथे हाच आराखडा पावसाळ्यात उलट सोयीचा पडतो.

नंतरचे दिवस

सोमवारी सायकल नको. चालायला जा, नेहमीसारखं जेवा, लवकर झोपा. मंगळवारी वाटलं तर पाऊण तास हलके पाय फिरवा. बुधवारपर्यंत सकाळची नाडी नेहमीच्या जागी यायला हवी. आली नाही, चिडचिड होतेय, झोप लागत नाही, तर अख्खा आठवडा सोडून द्या. अशा दोन दिवसांआधीचा आठवडाही हलका असला पाहिजे. शुक्रवारी रात्री ऑफिसच्या कामाने थकून बारा वाजता झोपणाऱ्याला शनिवारी घाट चढून फायदा होत नाही. महिन्यातून एक पुरे. दर आठवड्याला हेच करणारे ऑक्टोबरात आजारी पडलेले दिसतात.

मोठ्या शर्यतींत नाव काढलेल्या आपल्या माणसांकडे पाहिलं तर पाया असाच संथपणे रचलेला दिसतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. हे सगळे नोकरी-व्यवसाय सांभाळणारे डॉक्टर. आपल्यासारखाच त्यांनाही आठवडा सातच दिवसांचा मिळतो.

फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही मोठी ब्रेव्हे पुढे २०२७ च्या ऑगस्टमध्ये आहे. बाराशे किलोमीटर, नव्वद तास. तिथे जायचं तर त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० अशा चारही ब्रेव्हे पूर्ण कराव्या लागतात. फ्रान्समध्ये ऑगस्टातही पाऊस गाठतो, २००७ साली तर सायकलस्वार दिवसरात्र भिजले होते. पावसात आणि थकलेल्या पायांनी चालवायची सवय घरच्या रस्त्यावर लागलेली बरी.

तेव्हा जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर, प्रत्येकातला एक शनिवार-रविवार आत्ताच निवडा. पालखी, गणपती, घरची कार्यं आणि हवामानाचा अंदाज बघून तारखा ठरवा, घरच्यांना आधी सांगा आणि कुठल्या रस्त्याने जाणार, किती वाजता परतणार हे लिहून ठेवा. शक्यतो एकट्याने जाऊ नका. आणि ठरवलेल्या दिवशी घाटात दरडीचा इशारा असेल तर एक आठवडा थांबा, सराव पुढच्या शनिवारीही करता येतो.